तुमच्या डोमेनला कुलूप आहे का?

जानेवारी २००५. न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांची ईमेल एका शनिवारी अचानक येईनाशी झाली. कंपनीचे सर्व्हर नीट चालू होते. चोरीला गेलं होतं ते फक्त नाव: पॅनिक्स डॉट कॉम.

डोमेन म्हणजे रजिस्ट्रीच्या वहीतली एक नोंद. त्या नावाने आलेली ईमेल कुठे पोहोचवायची, हे शेवटी या नोंदीवर ठरतं. आपल्या वतीने ती नोंद सांभाळतो रजिस्ट्रार, आणि मालकाच्या संमतीने तो बदलता येतो. पॅनिक्सचं नाव मात्र संमती न घेताच ऑस्ट्रेलियातल्या एका रजिस्ट्रारकडे हलवलं गेलं. तिथे शनिवार-रविवारची सुट्टी. नाव परत मिळायला सोमवार उजाडावा लागला.

यावरचा साधा उपाय म्हणजे ‘ट्रान्सफर लॉक’. तो लावलेला असला की हस्तांतराची विनंती रजिस्ट्रीच फेटाळते. शिवाय डॉट कॉमसारख्या नावांसाठी एक गुप्त कोडही लागतो.

पण लॉक काढायची आणि कोड मागवायची सोय रजिस्ट्रारकडच्या खात्यातच असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड ईमेलवरून बदलता येतो. म्हणजे खरी किल्ली ईमेलच. परदेशातल्या मंडळांचं डोमेन अनेकदा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या ईमेलवर असतं. तो ईमेल आज कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहा. मग खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि लॉक चालू असल्याची खात्री करा. दहा मिनिटांचं काम आहे.