टिळकांची भजनं आणि लक्ष्मीबाईंची चूल

लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनपाशी थांबलो होतो. १८३१च्या अखेरीस मिशनरी नगरला आले, ते आपली गीतं आणि आपल्या चाली घेऊनच. गीतांची मराठी भाषांतरं झाली, चाली मात्र तशाच राहिल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. इंग्रजी गाणं आघातावर चालतं, मराठी पद्य बरंचसं ऱ्हस्व-दीर्घावर. ‘दया’ हा साधा शब्द घ्या आणि त्यातल्या ‘द’वर चार मात्रांचा सूर ओढून बघा. ऐकणाऱ्याला ‘दाया’ ऐकू येतं. ओळीमागून ओळ अशी गेली की देवाची स्तुती चालली आहे की शब्दांची ओढाताण, हेच कळेनासं होतं. शिवाय ही गाणी म्हणायची तर हातात पुस्तक हवं. नगर जिल्ह्यातले बहुतेक नवे ख्रिस्ती महार आणि मांग समाजातले. त्यांना शाळेचं दार कुणी उघडलं होतं म्हणून त्यांनी पुस्तक वाचावं?

अभंगाला हे काही लागत नाही. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. दुसऱ्या फेरीला सगळी मंडळी गात असतात. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी हे ओळखलं आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. बायबलमधली आख्यानं पदं-आर्या-साक्यांत बसली. कीर्तनाला हिंदू श्रोतेही येऊन बसत, कारण कीर्तनात कसं बसायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मग आले नारायण वामन टिळक. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी म्हणून नाव झालेलं, स्वभाव विलक्षण लहरी. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांनी वाचलं आणि ते अडकलेच. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत हे पावलोपावली दिसतं. ख्रिस्त तिथे राजा किंवा न्यायाधीश म्हणून कमी येतो, गुरू आणि माउली म्हणून जास्त.

कृपेची शिकवण मराठी कानाला परकी वाटली नाही, ती यामुळेच. ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं देणं. व्रतं, दानं, कुळ, विद्वत्ता यांपैकी कशावरही तिचा भाव ठरत नाही. पतितपावनाला हाक मारायची सवय असलेल्या माणसाला यात नवं फारसं समजावून सांगावं लागत नाही. टिळक जिथे सिद्धांत समजावायला बसतात तिथे त्यांचं पद्य जड होतं, असं माझं मत आहे. संस्कृत शब्दांची गर्दी होते आणि खेड्यातल्या मंडळीला ती पेलली असेल का, अशी शंका येते. जिथे ते नुसते मागणं मागतात, तिथे मात्र शंभर वर्षांनंतरही पेटी आणि तबला लगेच त्यांच्यामागे धावतात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांचा वाटा मोठा आहे.

पण फुकट मिळालेलं पुढे फुकट द्यायचं, ही अट त्या कृपेला चिकटलेलीच असते, आणि ती गाण्याइतकी सोपी नाही. टिळकांच्या घरात ती निभावली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या वाढल्या कोणत्या घरात? त्यांच्या वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आलेलं सामान धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, मीठसुद्धा! नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. चार-पाच वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. परत आल्या त्याही स्वतःची वेगळी चूल आणि वेगळं पाणी घेऊन. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. स्वभावाने तापट असलेल्या माणसाची ही सबुरी मला त्यांच्या एखाद्या भजनाइतकीच मोलाची वाटते. जातपात माणसांनी केलेली आहे, हे लक्ष्मीबाईंना पटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. आईबाप गमावलेली, आजारी, उपाशी पोरं टिळकांच्या घरी येत आणि राहत. पोरांना आणायचे टिळक. त्यांना न्हाऊ घालायचं, भाकरी पुरवायची, दुखणं-खुपणं काढायचं ते लक्ष्मीबाईंनी. शिवाय किराण्याचे पैसे टिळक कुठे उधळून येतील याचा नेम नसे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या हे सगळं सांगतात ते हसत-हसत, नवऱ्याला अधूनमधून चिमटे काढत. उपकार केल्याचा सूर त्यात औषधालाही सापडत नाही. दयेवरची प्रवचनं पुष्कळ ऐकायला मिळतात. त्या दयेसाठी जास्तीचं पीठ कुणी मळलं, हे सांगणारं पुस्तक मराठीत मला तरी दुसरं आठवत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. चर्चमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. प्रयोग फुलायच्या आतच, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. त्याचा उरलेला मोठा भाग लिहून पुरा केला तो लक्ष्मीबाईंनी. शाळेत कधी न गेलेल्या आणि नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईंनी पुढे स्वतः कीर्तनंही केली.

पुढच्या आठवड्यात वसईला जाऊ. तिथलं कॅथलिक गाणं वेगळ्याच वाटेने मराठीत आलं.