प्रश्नपरीक्षा : सर्वेक्षणातील प्रश्न कसा असावा?

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा वैद्यवर्गास सुपरिचित आहे. सर्वेक्षणात मात्र केवळ प्रश्नच हाती उरतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत (२०२२-२३) आयुष उपचारांच्या वापराविषयी विचारताना ‘मागील ३६५ दिवस’ ही कालमर्यादा ठरविलेली होती.

आर्णीच्या कापूसपट्ट्यात असा नेमकेपणा जीवरक्षक ठरतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून ‘फवारणीचा त्रास होतो का?’ हा प्रश्न मोघम होय. ‘गेल्या सात दिवसांत फवारणी केली का?’, ‘नंतर चक्कर आली का?’, ‘अंधुक दिसले का?’ असे एकेक विचारावे, असे आम्ही सुचवितो. लक्षणे आढळताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

‘आमच्या औषधाने गुण आला ना?’ हा प्रश्न औषधालयांनी टाळावा. त्यात उत्तर आधीच पढविलेले असते.