व्हेनिसमधली ओली दुपार

पुढच्या गाडीला बराच वेळ होता म्हणून आम्ही दोघं व्हेनिसला उतरलो. नेमका त्याच दिवशी जलबसचा संप! चारशेच्या वर पुलांच्या या शहरात मोटारी चालत नाहीत, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. दुसऱ्याच पुलावर बॅगेचं चाक निखळलं. सान मार्को चौकात फरशीतल्या जाळ्यांतून भरतीचं पाणी बुडबुडत वर येत होतं. बायकोचे बूट भिजून चिंब. शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी हा चौक. २०२०पासून 'मोसे' या पूररोधक यंत्रणेचे अजस्र पिवळे दरवाजे मोठी भरती खाडीच्या मुखाशीच अडवतात, पण साधारण ११० सेंटिमीटरखालच्या अंदाजाला ते सहसा उचलत नाहीत. हिवाळ्यात जाणार असाल तर भरतीचा अंदाज आधी बघा, सामान सांता लुचिया स्टेशनवरच ठेवा. आणि जाच, असं शहर दुसरं नाही!