राखून पळायचं

पहाटे ४.३०

गजर वाजला तरी लगेच उठायचं नाही. अंथरुणात उताणी पडूनच मी मनगटावर दोन बोटं ठेवते आणि पुरतं एक मिनिट नाडी मोजते. आज ४८. म्हणजे सगळं ठीक. हाच आकडा सात-आठने चढलेला असला, तर झोप कमी पडलीय, ताप येऊ घातलाय किंवा आधीचा वर्कआउट अजून अंगातून गेलेला नाही, यातलं काहीतरी नक्की. अशा दिवशी प्रशिक्षक सरांना आकडा सांगितला की ते ठरलेला वर्कआउट पुढे ढकलतात. हातातलं घड्याळही नाडी दाखवतं, पण बोटांखाली मोजताना आपलं अंग कसं आहे तेही कळतं.

मग कोमट पाणी, एक केळं, दोन खजूर. पोट जड नको आणि रिकामंही नको.

५.१५

डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. अशा थंडीत वॉर्मअपमध्ये घाई केली, तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर लगेच कुरकुरते. म्हणून आधी तीन किलोमीटर अगदी हळू, मग गुडघे उचलून, टाचा मागे मारून ड्रिल्स आणि शेवटी शंभर-शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा. घाम फुटल्याशिवाय जॅकेट काढत नाही.

एव्हाना हॉस्टेलच्या मुली ग्राउंडवर येतात. बऱ्याच जणी पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव या मुली लहानपणापासून ऐकत आल्यात, त्यामुळे मोठं स्वप्न बघायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते आवरायला.

५.५०

आजचा वर्कआउट : एक हजार मीटरचे सहा. प्रत्येक ३ मिनिटं ३० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग. म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड ८४ सेकंदांत, ना कमी ना जास्त.

पहिल्याच हजारात एक नवी मुलगी माझ्या पुढे निघून गेली. पहिला राउंड तिने ७८ सेकंदांत मारला. दुसऱ्या हजारालाही तीच पुढे. तिसऱ्याला बरोबर आली, चौथ्याला मागे पडली. खांदे कानाला लागलेले, मुठी घट्ट, पावलं आपटत होती. पाचव्याला सरांनी तिला थांबवलं.

“ताई, पाय मोकळे वाटत होते म्हणून गेले,” ती धापा टाकत म्हणाली.

“पाय मोकळे असतात तेव्हाच तर आवरायचं असतं,” मी म्हटलं.

हे नुसतं उपदेशापुरतं नाही. हा वर्कआउट असतो तो हृदय आणि फुप्फुसं जवळजवळ पूर्ण ताकदीने जास्तीत जास्त वेळ चालती ठेवण्यासाठी. पहिले दोन हजार उधळले की पाय आधी भरून येतात, पुढचे सगळे ढिले पडतात आणि ज्या कामासाठी आलो तेच राहून जातं. शिवाय अंगदुखी दोन-तीन दिवस पाठ सोडत नाही, म्हणजे पुढचा वर्कआउटही गेला.

माझा सहावा ३.२९ ला आला. सरांनी स्टॉपवॉचवरची नजर काढली.

“सातवा जमेल?”

“जमेल, सर.”

“मग बास. कूल डाउन कर.”

दर वेळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आणखी एक जमेल असं वाटत असतानाच ग्राउंड सोडायचं. ‘नाही जमणार’ असं म्हणायची वेळ आली, तर तो वर्कआउट नव्हता, शर्यत होती. शर्यत वर्षातून मोजक्याच वेळा करायची असते.

७.१५

घरी आल्यावर अर्ध्या तासाच्या आत खाणं. दोन उकडलेली अंडी, नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, वर लिंबू. लिंबाने धान्या-कडधान्यातलं लोह नीट शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते अडतं. म्हणून चहा तासाभराने. लांब पळणाऱ्या बायकांना लोह फार कमी पडतं : पाळीतून जातं, घामातून थोडं जातं, पावलं आपटून रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्यातूनही जातं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असलं तरी साठा आटलेला असू शकतो. तेव्हा फेरिटिनही तपासून घ्यावं आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मुलीला बाजूला घेऊन सांगते. पळायला लागल्यावर पाळी थांबली, तर सुटलो म्हणून खूश व्हायचं नाही. अंगाला खाणं पुरत नसल्याची ती खूण आहे. पुढे हाडं ठिसूळ होतात, नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि अख्खा सीझन हातचा जातो. वजन घटवून टायमिंग सुधारण्याच्या नादात गुणी मुली पळणंच सोडून बसतात. तसं होऊ नये एवढीच माझी कळकळ आहे.

१०.००

क्रीडा कोट्यातून लागलेली नोकरी, टेबलावरचं काम. पाण्याची बाटली शेजारी असते. जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा सावकाश खाली सोडायच्या, पंधरा-पंधरा वेळा. टाचेमागच्या शिरेला याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा व्यायाम दुसरा नाही.

संध्याकाळी ५.४५

आठ किलोमीटर इझी, किलोमीटरला पावणेसहा मिनिटं. गंगापूर रोडला हौशी मंडळी मला मागे टाकून जातात आणि जाऊ द्यायचं असतं. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघायचं. बोलताना दम लागला की वेग कमी करायचा.

जोर न लावता लांब पळण्याचं मोल न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी दाखवून दिलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली : पीटर स्नेलने आठशे मीटरला, मरे हॅलबर्गने पाच हजारला. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी स्नेल दर रविवारी डोंगरातून पस्तीस किलोमीटर पळायचा. हळू पळण्याने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. म्हणूनच आठवड्याच्या नव्वद-पंचाण्णव किलोमीटरपैकी माझे फार तर वीस जोरात असतात.

७.१५

वीस मिनिटं ताकदीसाठी : प्लँक, एका पायावरचे स्क्वॉट, कमरेचे व्यायाम. जड बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरते. आतल्या बाजूला खरेदीची तारीख लिहिलेली असते. सहा-सातशे किलोमीटर झाले की तो जोड बाजारहाटाला. हलके, कार्बन प्लेटचे बूट फक्त शर्यतीला.

रात्री ९.००

वरण-भात, भाजी, दही झालं की वही. नाडी, झोप, किलोमीटर, टायमिंग आणि अंग कसं होतं त्याची एक ओळ. सकाळच्या त्या नव्या मुलीलाही मी उद्यापासून वही ठेवायला सांगितलंय. पहिल्या पानावर लिहायला तिला दोन आकडे दिलेत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ साली तीन हजार मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम पहिल्यांदा मोडला, तेव्हा वेळ होती ८ मिनिटं २९.८० सेकंद. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ती ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांवर आली. सहा वर्षांत वीस सेकंद, तीही थोडी थोडी करून, स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत.

तिला वाटतं, या जानेवारीच्या शर्यतीतच सगळं व्हायला हवं. ती सतरा वर्षांची आहे आणि तिच्यापाशी पुष्कळ जानेवारी आहेत. गुरुवारच्या वर्कआउटला तिने पहिला राउंड ८४ ला मारला, तर मी समजेन की ती लांबची धावपटू होणार.