प्रकाशाने जंतूंचा नाश : लेसर उपचाराविषयी थोडेसे

शस्त्रक्रिया उत्तम पार पडते, डॉक्टर समाधान व्यक्त करतात, घरची मंडळी निश्चिंत होतात; आणि काही दिवसांनी टाक्यांत पू होतो. रुग्णांच्या भेटीस जाताना असे प्रसंग आम्हांस अधूनमधून ऐकावयास मिळतात. एक प्रतिजैविक लागू पडत नाही म्हणून दुसरे दिले जाते, दुसऱ्याचाही गुण येत नाही म्हणून तिसरे आणि अधिक महागडे. हे दुःख एखाददुसऱ्या कुटुंबाचे नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एकाच वर्षी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशा परिस्थितीत ‘लेसर किरणांनी जंतू मारता येतात’ हे शब्द कानी पडले की मनात आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे. या आशेत तथ्य किती आहे, आणि तिची मर्यादा कोणती, हे आपण या लेखात समजून घेणार आहोत.

शंभर वर्षांपूर्वीचा शोध

अंथरुणे, गोधड्या उन्हात घालण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. प्रकाशामुळे जंतू मरतात याला शास्त्रीय आधार मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. सूर्यप्रकाशामुळे जीवाणूंची वाढ थांबते, हे इंग्लंडमधील डाऊन्स व ब्लंट या दोघा संशोधकांनी १८७७ साली प्रयोगाने दाखवून दिले. पुढे डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी दिव्याच्या तीव्र प्रकाशझोताने त्वचेच्या क्षयरोगावर उपचार केले. या कार्याबद्दल त्यांना १९०३ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्याच सुमारास जर्मनीतील म्युनिक शहरात आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होता. अॅक्रिडीन नावाचे रंगद्रव्य पॅरामिशियम या सूक्ष्मजीवाला कितपत मारक ठरते, हे तो तपासत होता. रंगद्रव्याचे प्रमाण तेच असूनही एका वेळी सूक्ष्मजीव लवकर मरत, तर दुसऱ्या वेळी बराच काळ जगत. कारण शोधता शोधता त्याच्या ध्यानात आले की, ज्या दिवशी ते अधिक काळ जगले, त्या दिवशी बाहेर वादळ होते आणि प्रयोगशाळेत उजेड कमी होता. म्हणजे केवळ रंगद्रव्य मारक नव्हते. त्यावर प्रकाश पडला तरच ते मारक ठरत होते. राबने हे निष्कर्ष १९०० साली प्रसिद्ध केले. या क्रियेला ऑक्सिजनचीही गरज असते, हे पुढील काही वर्षांत टापायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

पुढे १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९४०च्या दशकात ते रुग्णांना मिळू लागले. गोळी वा इंजेक्शनने रोग बरा होत असताना रंग आणि प्रकाश यांची खटपट कोण करणार? जंतूंचा नाश करण्याचा हा मार्ग मागे पडला.

ही क्रिया घडते कशी?

या उपचारासाठी तीन गोष्टी लागतात : रंगद्रव्य, त्या रंगद्रव्याला अनुरूप प्रकाश आणि ऑक्सिजन. वापरात असलेले एक परिचित रंगद्रव्य म्हणजे मिथिलीन ब्लू. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, तर जीवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे ते जीवाणूंना सहज चिकटते. त्यानंतर त्यावर तांबडा प्रकाश टाकला जातो. रंगद्रव्य ती ऊर्जा शोषून घेते आणि जवळच्या ऑक्सिजनला देते. नेहमीचा निरुपद्रवी ऑक्सिजन त्यामुळे अतिशय आक्रमक रूप धारण करतो. हे रूप क्षणार्धात नाहीसे होते व एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके अंतरही सहसा ओलांडत नाही. परंतु तेवढ्यात तो जीवाणूचे आवरण, त्यातील प्रथिने व जनुकीय द्रव्य यांची मोडतोड करतो.

या उपचाराचे खरे महत्त्व येथेच आहे. प्रतिजैविक बहुधा जीवाणूच्या एखाद्याच ठरावीक ठिकाणी आघात करते. कुलूप बदलले की जुनी किल्ली निरुपयोगी होते, त्याप्रमाणे जीवाणूने ते एक ठिकाण बदलले की औषध निकामी होते. येथे मात्र आघात एकाच वेळी अनेक ठिकाणी होतो. म्हणून प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणूही या क्रियेने मरतात, आणि तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवणे त्यांना सहजासहजी साधत नाही.

लेसर कशासाठी?

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी तयार केला. साध्या दिव्याच्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो. रंगद्रव्याला हवा तोच रंग निवडता येतो आणि केसासारख्या बारीक तंतूतून तो अडचणीच्या जागीही पोचवता येतो. या उपचारातील लेसर कमी शक्तीचा असतो. तो जाळत नाही की कापत नाही. योग्य रंगाचा एलईडी दिवाही काही ठिकाणी हेच काम करतो. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे शक्तिशाली लेसर उष्णतेने पेशी जाळतात. तो प्रकार वेगळा. दोन्हींना ‘लेसर’ म्हटले जात असल्याने पुष्कळदा गैरसमज होतो.

आज उपयोग कोठे होतो?

लंडनमधील ईस्टमन दंतसंस्थेत मायकेल विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तोंडातील जीवाणूंवर या पद्धतीचे प्रयोग केले. आज काही दंतवैद्य हिरड्यांच्या विकारांत, दात व हिरडी यांमधील फटी साफ केल्यानंतर, पूरक उपचार म्हणून तिचा अवलंब करतात. युरोपातील काही रक्तपेढ्यांत दान केलेल्या रक्तातील प्लाझ्मामध्ये मिथिलीन ब्लू मिसळून त्यावर प्रकाश टाकतात व विषाणू निष्क्रिय करतात.

आरंभी आम्ही टाक्यांत पू होण्याचा उल्लेख केला. त्या संदर्भात कॅनडातील व्हँकुव्हर येथील अनुभव लक्षणीय आहे. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू वस्ती करून असतो आणि तोच पुष्कळदा जखमेत उतरतो. व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये २०११ पासून एक वर्ष मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून काही मिनिटे तांबडा लेसर प्रकाश सोडण्यात आला. त्याचबरोबर त्यांचे अंग जंतुनाशकाने पुसण्यात आले. पूर्वीच्या रुग्णांत जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण २.७ टक्के होते, ते १.६ टक्क्यांवर आले. मात्र ही तुलना आधीच्या वर्षांतील रुग्णांशी होती व दोन उपाय एकत्र योजले होते. तेव्हा सारे श्रेय प्रकाशाला देता येणार नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

तांबडा प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. जेथे प्रकाश आणि रंगद्रव्य दोन्ही पोचतात, तेथेच हा उपचार चालतो. त्वचा, तोंड, नाक व उघडी जखम यांपुरते त्याचे क्षेत्र आहे. न्यूमोनिया, टायफॉइड, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा फुप्फुसाचा क्षय यांवर तो प्रतिजैविकांची जागा घेऊ शकत नाही. ‘लेसरने सर्व जंतू नष्ट’ अशी जाहिरात पाहून कोणी चालू औषधे बंद केली, तर ते जिवावर बेतू शकेल.

लेसर डोळ्यांसाठी धोकादायक असतो. उपचाराच्या वेळी रुग्ण व डॉक्टर दोघांनीही खास चष्मा लावणे आवश्यक असते. जत्रेत, बाजारात मिळणारे लेसरचे खेळणे मुलांच्या हाती देऊ नये; त्याचा झोत डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आपण तो कितपत मनावर घेतला? सर्दी झाली की औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणणे, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणे, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे, हे आपल्या घराघरांत चालते. प्रकाशाचा उपचार जेथे लागू पडेल, तेथे प्रतिजैविकांवरील भार हलका करील. परंतु शरीराच्या आत खोलवर जेथे कोणताही प्रकाश पोचत नाही, तेथे उद्याही आपल्याला प्रतिजैविकांचाच आधार घ्यावा लागणार आहे. तो आधार आपल्या मुलाबाळांसाठी शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नये, आणि दिले तर त्यांनी सांगितले तितके दिवस ते पूर्ण घ्यावे, एवढा नियम तरी प्रत्येक कुटुंबाने पाळावा, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.