तीन बोटं पदर

पहाटे ५.३०. येवल्यातलं आमचं घर रहाटाच्या आवाजानं जागं होतं. बायको कांड्या भरायला बसलेली असते. मोरपिशी, राणी, पोपटी, आणि जरीच्या वेगळ्या. रेशीम बंगळूरकडचं, जरी सुरतेची. दोन्ही व्यापारी आणून देतो, साडी त्याच्याकडे परत जाते, मला मजुरी मिळते. त्या मजुरीत कांड्या भरणारीचा वेगळा पैसा कधीच धरलेला नसतो. हे मला रोज सकाळी टोचतं.

७ वाजता मागाला नमस्कार करून खड्ड्यात पाय सोडतो. पावसाळ्यात या खड्ड्याला ओल येते, रेशीम सर्द होतं, ताणा सैलावतो. मग आधी ताणा नीट करायचा, तुटलेले धागे सांधायचे. त्यात तास गेला तरी त्या तासाचं काही मिळत नाही, कारण मजुरी साडीवर असते.

८ ते १२. हे दिवसाचे खरे तास. उजेड चांगला, डोळे ताजे. सध्या पदर चालू आहे, बांगडी मोराचा. अंग विणताना धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. पदरात तसं चालत नाही. प्रत्येक रंगाची आपली कांडी; ती आपल्या रंगापुरती जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. ताण्याखाली नक्षीचा कागद असतो, पण कागद दिशा दाखवतो, धागे मोजायचे आपणच. मोराभोवतीच्या बांगडीत विणकराचा कस लागतो. धागे उभे आणि आडवे, त्यांतून गोल काढायचा म्हणजे एकेक धागा सरकत, बारीक पायऱ्या चढत जायचं. एक पायरी चुकली की बांगडी चेपते. आज मोराच्या मानेत दोन धागे जास्तीचे गेले आणि ते चार ओळी वर गेल्यावर दिसलं. सगळं उसवलं. ११ वाजता मी पुन्हा सकाळी ९ च्या जागी होतो.

१ वाजता भाकरी. कंबर सरळ करायला अर्धा तास आडवा होतो. मुलगा सिन्नरला कंपनीत आहे. बाराव्या वर्षी तो माझ्यापेक्षा चपळ कांड्या फिरवायचा. "पप्पा, इथं महिन्याला पगार पडतो," एवढंच तो म्हणतो. २०२० च्या लग्नसराईत टाळेबंदी लागली, तेव्हा अर्धा पदर मागावर तसाच राहिला आणि घरात पैसा येईना. ते त्यानं पाहिलंय. त्याला परत बोलवायला माझं तोंड उघडत नाही.

३ च्या सुमारास शिर्डीहून परतणारी माणसं माग बघायला येतात. मला ते आवडतं. आज एक ताई आल्या, मोबाइलवर फोटो दाखवला. "दादा, अशीच पैठणी दोन हजारांत मिळते की." फोटोत खरंच फरक कळत नाही. ती यंत्रमागावरची. ठरावीक वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ चा आहे आणि पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण दुकानात जाऊन साडी उलटून पाहणारा अधिकारी मी आजवर पाहिलेला नाही. स्वस्त साडी घेणाऱ्या बाईवर माझा राग नाही. तिला पैठणी म्हणून ती विकणाऱ्यावर आहे. नक्कल नक्कल म्हणून विका, आमची काही तक्रार नाही.

त्या ताईंना मी पदराची उलट बाजू दाखवली. त्या बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या.

६.३०. दिव्याच्या उजेडात पोपटी आणि हिरवा एकच दिसायला लागतात, म्हणून थांबतो. बोटं लावून मोजतो: आज तीन बोटं पदर झाला. उसवावं लागलं नसतं तर चार झाला असता.

तुम्ही पैठणी घ्यायला जाल तेव्हा एकच करा. दुकानदाराला पदर उलटून दाखवायला सांगा. कांडी-कांडीनं विणलेला पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे सुटे, कापलेले धागे दिसले तर तो असा विणलेला नाही, मग त्याला हाताच्या विणीचा भाव देऊ नका.