एका नोंदीमागे लाख खोकी

पृथ्वीभोवतालच्या हवेची खोकी पाडायची म्हटलं, तर किती पडतील? इंग्लंडमधल्या रेडिंग इथल्या युरोपीय हवामान अंदाज केंद्राने ती खरोखरच पाडली आहेत. त्यांच्या ‘ईआरए५’ या पुनर्विश्लेषणात, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा उभ्या केलेल्या भूतकाळच्या हवामानात, पृथ्वीवर सुमारे ३१ किलोमीटरच्या अंतराने ५,४२,०८० बिंदू आहेत. प्रत्येक बिंदूवर जमिनीपासून साधारण ८० किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे १३७ थर रचले आहेत. गुणाकार येतो ७,४२,६४,९६०. या जवळपास साडेसात कोटी खोक्यांपैकी प्रत्येकात तापमान किती, बाष्प किती, वारा कुठून कुठे, याचा आकडा आहे. तोही दर तासाचा, आणि थेट १९४० पासूनचा.

एकट्या तापमानाचं एका वर्षाचं गणित करा. ८,७६० तास गुणिले साडेसात कोटी, म्हणजे ६५ हजार कोटी आकडे. आता या यंत्रात वरून काय ओतलं तेही बघा. १९७९ ते २०१८ या चाळीस वर्षांत त्यात वापरलेली सगळी निरीक्षणं मिळून भरतात सुमारे ९,४६० कोटी. उपग्रह, विमानं, फुगे, जहाजं, बोयी, जमिनीवरच्या वेधशाळा, सगळं धरून. चाळीस वर्षांची शिदोरी ९,४६० कोटींची, आणि त्यातून निघणारं एका वर्षाचं नुसतं तापमान तिच्या जवळपास सातपट!

मागे जावं तसा हा हिशेब आणखी विचित्र होत जातो. १९४० साली दिवसाला सरासरी १७ हजार निरीक्षणं हाती होती. आज ती अडीच कोटींच्या घरात आहेत. पण खोकी तेव्हाही तेवढीच. चोवीस तासांची खोकी १७८ कोटी आणि निरीक्षणं १७ हजार, म्हणजे एका नोंदीमागे एक लाखाहून जास्त खोकी. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, पण इथे एका शितावर अख्ख्या गावजेवणाचा अंदाज बांधायचा आहे.

तरीही ही थाप नाही. हवा स्वैर वाहत नाही, तिला भौतिकशास्त्राचे नियम आहेत. दाबातला फरक कळला की वाऱ्याची दिशा आणि जोर बराचसा ठरतो. आज इथे असलेली हवा सहा तासांनी कुठे असेल, हेही काढता येतं. हे नियम संगणकात बसवलेलं मॉडेल आधी स्वतःचा अंदाज मांडतं. मग बारा तासांच्या खिडकीत आलेली सगळी निरीक्षणं घेऊन, त्यांच्याशी जास्तीत जास्त जुळेल अशा बेताने सुरुवातीची स्थिती किंचित हलवतं आणि पुन्हा चालतं. ज्या उपकरणावर भरवसा जास्त, त्याचं म्हणणं जास्त ऐकलं जातं. यासाठी मॉडेलही एकच, २०१६ सालचं, संपूर्ण भूतकाळावर फिरवलेलं. जुने दैनंदिन नकाशेच का वापरले नाहीत? कारण ते वेळोवेळी बदलत गेलेल्या मॉडेलांवर काढलेले. मॉडेल बदललं की आकडे उडी मारतात, आणि ती उडी हवामानबदल म्हणून खपून जाते.

मला खटकतं ते वेगळंच. खोक्यातला आकडा दशांशापर्यंत नेटका दिसतो, म्हणून लोक तो मोजलेला समजतात. १९४० सालच्या दक्षिण महासागरातल्या एखाद्या खोक्याचं तापमान आलेखात टाकून कोणी निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याच्या आसपास हजार किलोमीटरमध्ये एखादं जहाज तरी होतं का, हे त्याने आधी विचारायला हवं. खोकी हवी तेवढी पाडता येतात, पण नोंद त्या दिवशी, त्या ठिकाणी कोणीतरी घेतलेली असावी लागते.

अमेरिकेच्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी रीअ‍ॅनालिसिस’ची तिसरी आवृत्ती तर १८३६ पर्यंत मागे जाते. त्या काळी ना उपग्रह, ना फुगे. मग निरीक्षण म्हणून घेतलं काय? फक्त पृष्ठभागावरचा हवेचा दाब. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान पायाला ठेवलं आणि दाबावरून वरची सगळी हवा उभी केली. तीही एकदा नव्हे, ८० वेळा, दर वेळी किंचित वेगळी. जिथे नोंदी भरपूर आहेत तिथे ही ऐंशी भावंडं एकमेकांसारखी दिसतात. जिथे नाहीत तिथे प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. किती विश्वास ठेवायचा, हे त्यांच्या भांडणावरून कळतं.

म्हणूनच जुन्या कागदांचा भाव चढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इंग्लंडहून हिंदुस्थान आणि चीनकडे येत-जात, त्यांतल्या कित्येकांवर वायुभारमापक आणि तापमापक असत. ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या, १७८९ ते १८३४ मधल्या जवळपास नऊशे लॉगबुकांमधून २ लाख ७३ हजार हवामान नोंदी काढल्या गेल्या. दाब इंचांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, आणि रेखांश तर कधी ग्रिनिचपासून, कधी शेवटी दिसलेल्या किनाऱ्यापासून मोजलेला.

समजा अशा एका पानावर २९.८५ इंच लिहिलं आहे. म्हणजे सुमारे १०११ हेक्टोपास्कल, अगदी साधा दिवस. पण शाई पसरून आठाचा तीन वाचला गेला, तर २९.३५ होतात, म्हणजे ९९४. सतरा हेक्टोपास्कलची घट! त्या दिवशी नसलेलं चक्रीवादळ अरबी समुद्रात एका अंकाने उभं राहील. शेजारची नोंद नसेल तर ते पकडायचं कसं? दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पाण्यात शेजारी बहुतेक वेळा नसतोच. म्हणून एकच आकडा अनेकांकडून टंकून घेतात आणि ताडून बघतात.

हे टंकन कोण करतं? मार्च २०२० मध्ये, घरात कोंडलेल्या ब्रिटनमध्ये, रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी ‘रेनफॉल रेस्क्यू’ सुरू केलं. समोर पावसाच्या जुन्या नोंदींचे ६५ हजारांहून जास्त स्कॅन केलेले कागद. सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी ५२ लाखांवर आकडे १६ दिवसांत उतरवले. दिवसाला सव्वातीन लाख, म्हणजे रात्रंदिवस मिनिटाला सव्वादोनशेच्या वर. त्यामुळे ब्रिटनची पावसाची मासिक मालिका १८६२ ऐवजी १८३६ पासून सुरू झाली आणि विक्रमांची उलथापालथ झाली. सगळ्यांत कोरडं वर्ष १८५५ ठरलं, सगळ्यांत कोरडा मे १८४४ चा.

आपल्याकडेही दप्तर काही लहान नाही. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून नोंदी आहेत. हवामान खातं १८७५ चं. त्याचं राष्ट्रीय विदा केंद्र पुण्यात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत बसवला. नोएडाच्या मध्यम पल्ला अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खात्याबरोबर ‘आयएमडीएए’ हे पुनर्विश्लेषण केलं, १९७९ पासूनचं, १२ किलोमीटरचं. सह्याद्रीसाठी हा फरक मोठा आहे. ३१ किलोमीटरच्या जाळ्यात घाटमाथा आणि त्यामागचा पर्जन्यछायेचा पट्टा एकमेकांत मिसळून जातात.

आणि आता या खोक्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. गूगल डीपमाइंडचं ‘ग्राफकास्ट’ हे मॉडेल भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवत नाही. १९७९ ते २०१७ चं ‘ईआरए५’ वाचून ते शिकलं, आणि दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटभराच्या आत देतं. १९७९ च्या मागचं त्याला शिकवलंच नाही. तेव्हाचं पुनर्विश्लेषण उपग्रहांच्या काळाइतकं भरवशाचं नाही. तो भरवसा वाढवायचा तर आणखी लॉगबुकं उघडावी लागतील.